नवं मागचं चाक: तीनदा आऊट काढलं, शेवटी सगळं ढिलं करून पुन्हा बांधलं

६ जानेवारी

नवं हब (चाकाच्या मध्याचा भाग), नवी रिम, नवे स्पोक. सायकलचं मागचं चाक स्वतःच बांधायचं ठरवलं. रिम ६२२ मापाची, दुहेरी भिंतीची, ३२ भोकांची. हबही ३२ भोकांचा, कप-कोनचा, म्हणजे छर्रे कप आणि कोनमध्ये फिरतात असा. स्पोक टोकांना २.० आणि मध्ये १.८ मिलिमीटर जाडीचे, निपल (स्पोकला रिममध्ये धरणारे छोटे नट) पितळेचे, १२ मिलिमीटरचे. गुंफण तीन क्रॉसची, म्हणजे प्रत्येक स्पोक वाटेत तीन स्पोकना ओलांडतो. या नोंदी असंच चाक बांधायला बसणाऱ्यासाठी ठेवतो आहे, म्हणून जे चुकलं ते सगळं लिहिणार आहे.

आज गुंफायलाच अडीच तास लागले, आणि ते वाया गेले. पहिला स्पोक व्हॉल्व्हच्या भोकापासून एक घर सोडून घातला गेला. ३२ स्पोक पूर्ण झाल्यावर पाहिलं, तर व्हॉल्व्हच्या भोकावरच दोन स्पोक एकमेकांकडे झुकलेले. तिथे पंपाचं तोंड बसणार नाही. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे स्पोक जवळजवळ समांतर, मोकळी जागा सोडणारे असायला हवेत. सगळं उलगडलं. पुन्हा करताना पहिले दोन स्पोक घातल्यावरच थांबून व्हॉल्व्हची जागा तपासली. हे तपासायला अर्धं मिनिट लागतं.

७ जानेवारी

दुसऱ्यांदा गुंफलं, या वेळी बरोबर. निपल आवळायला घेतले आणि एक विचित्र गोष्ट दिसली. चेनच्या बाजूचे निपल पान्याला जड जायला लागले, पण स्पोक बोटाने दाबला तर ढिलाच. आधी वाटलं आट्यांना तेल कमी पडलं. तेल घातलं, फरक नाही. जोर लावून आणखी पाऊण फेरा दिला. स्पोक ढिला तो ढिलाच, उलट निपलसोबत पिळायला लागला.

मग रिमच्या आतल्या बाजूने बॅटरी मारून पाहिलं. स्पोकचं टोक निपलच्या डोक्यातून दोन मिलिमीटर वर आलेलं. म्हणजे स्पोकचे आटे संपले होते आणि निपल आट्यांपुढच्या कोऱ्या तारेवर चढू पाहत होता. पाना जड लागतो म्हणजे ताण आला, हे मी गृहीत धरलं होतं, आणि ते साफ चुकीचं आहे. पाना जड आणि स्पोक ढिला अशी जोडी दिसली, तर आधी स्पोकची लांबी पाहावी.

३२ स्पोक या चाकासाठी निकामी. २९६ आणि २९४ मिलिमीटरचे घेतले होते.

८ जानेवारी

लांबी का चुकली ते शोधलं. स्पोकच्या लांबीचा हिशेब रिमच्या परिणामी व्यासावर चालतो. म्हणजे समोरासमोरच्या दोन निपलच्या खाचांच्या तळांमधलं, जिथे स्पोकची टोकं यायला हवीत तिथलं अंतर. मी छापील आकडा घेतला होता, ६०५. स्वतः मोजलाच नव्हता.

आज मोजला. दोन जुने स्पोक आटे असलेल्या टोकापासून बरोबर २०० मिलिमीटरवर कापले आणि त्यांवर निपल असे चढवले की स्पोकचं टोक निपलच्या खाचेच्या तळाला लागेल. ते रिमच्या समोरासमोरच्या भोकांत घातले, ताणून धरले आणि दोन कापलेल्या टोकांमधलं अंतर मोजलं. त्यात ४०० मिळवले की व्यास. चार वेगवेगळ्या जागी मोजलं, सगळीकडे ६०१ च्या आसपास. व्यासात ४ चा फरक म्हणजे प्रत्येक स्पोक २ मिलिमीटर लांब. निपलमधून जेवढं टोक वर आलं होतं, नेमकं तेवढंच.

नवा हिशेब: डावीकडे २९४, चेनच्या बाजूला २९२. माझ्या हबवर फ्लँजच्या (स्पोक अडकवायच्या कडेच्या) भोकांचा व्यास ४५, मध्यापासून डावा फ्लँज ३७ वर आणि उजवा २० वर आहे. हे ३७ आणि २० पुढे पुन्हा येणार आहेत.

१३ जानेवारी

नवे स्पोक आले. आट्यांना आणि रिममधल्या निपलच्या बैठकीला एकेक थेंब तेल. तीन तासांत गुंफण, आवळणं आणि आऊट काढणं सगळं झालं. आऊट, म्हणजे फिरताना रिमचं डावी-उजवीकडे हलणं, ०.३ मिलिमीटरच्या आत. स्टँडवर चाक फिरवलं तर डोळ्याला हलताना दिसत नव्हतं. समाधान वाटलं. टायर चढवून ठेवलं.

१४ जानेवारी

पहिली फेरी. सायकलवर बसून पहिल्या शंभर मीटरमध्येच मागून टिंग, टिक, टिंग. दोन किलोमीटरमध्ये आवाज थांबले. घरी येऊन चाक स्टँडवर लावलं, तर आऊट जवळजवळ २ मिलिमीटर.

कारण पीळ. निपल फिरवताना स्पोकही थोडा सोबत पिळतो, आणि मधला भाग १.८ चा असल्याने जास्तच पिळतो. स्टँडवर तो पीळ तसाच राहतो. वजन पडलं की स्पोक क्षणभर सैल होतो, पीळ सुटतो, तेवढा निपल जागेवर फिरतो. ते टिंग म्हणजे पीळ सुटल्याचा आवाज. कालचा ०.३ चा आकडा पिळलेल्या स्पोकवर उभा होता.

पुन्हा आऊट काढला. आता प्रत्येक वेळी हवं त्यापेक्षा थोडं जास्त फिरवून तेवढंच मागे घेतलं.

१६ जानेवारी

संध्याकाळचा एक तास वेगळ्याच गोष्टीवर गेला. आऊट ०.४ दाखवत होता, पण दर फेऱ्याला वेगळ्या जागी. एका स्पोकवर पाव फेरा दिला, तर पुढच्या फेऱ्यात तिथे काहीच नाही आणि समोरच्या बाजूला आऊट. सात-आठ निपल उगीच फिरवले.

रिम दोन बोटांत धरून आडवी हलवली तेव्हा हबमध्ये खटखट लागली. कोन ढिला होता. छर्ऱ्यांवर हब डुलत होता आणि मी ते डुलणं स्पोकने दुरुस्त करत होतो. कोन आवळला, लॉकनट लावला, खटखट गेली, आणि आऊट एका जागी स्थिर झाला. स्पोकला पाना लावण्याआधी हब हलवून पाहायचा, हे आता सवयीत बसवतो आहे.

२१ जानेवारी

एकूण ६० किलोमीटर झाले. आज उतरल्यावर चाक ब्रेकला घासत होतं. डाव्या बाजूचे तीन स्पोक हाताने हलवले तर खुळखुळले. एक निपल तर बोटांनी फिरला.

तिसऱ्यांदा आऊट काढायला बसलो. काढलाही. दहा किलोमीटरनंतर पुन्हा तेच.

माझा पहिला विचार होता, आट्यांना चिकटद्रव लावायचं म्हणजे निपल सुटणार नाहीत. ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडून स्पोकचा ताण मोजणारा टेन्शन मीटर मागायला गेलो, तेव्हा हेही बोललो. त्यांनी चाक हातात घेतलं, दोन-दोन स्पोक मुठीत दाबत एक फेरा पूर्ण केला आणि म्हणाले, "आऊट काढत बसू नकोस. हे चाक आऊट नाही, ढिलं आहे. निपल चिकटवलास तर ढिलं चाक ढिलंच राहील, फक्त तुला कळणार नाही."

२२ जानेवारी

मीटर लावला. सगळे ३२ स्पोक मोजून कागदावर दोन ओळींत लिहिले, डावी आणि उजवी वेगळी.

उजवीकडे सरासरी ४८ किलो. सर्वांत कमी ३५, सर्वांत जास्त ७०. डावीकडे निम्म्या स्पोकवर मीटरचा काटा जेमतेम हलला. रिमची कमाल मर्यादा १२० आहे. मी त्याच्या निम्म्यावरही नव्हतो.

आता निपल का सुटतात ते उघड झालं. चाक फिरताना जमिनीला टेकलेल्या भागातल्या स्पोकचा ताण प्रत्येक फेऱ्यात कमी होतो. मुळात ताण भरपूर असेल तर कमी होऊनही शिल्लक राहतो. मुळातच कमी असेल तर तो शून्यावर जातो, त्या क्षणी निपल मोकळा होतो आणि हादऱ्याने फिरतो. आधी डावीकडचे सुटतात, कारण डावा फ्लँज मध्यापासून लांब आहे. तिकडच्या स्पोकना रिम मध्यावर धरायला कमी ताण पुरतो. २० भागिले ३७, म्हणजे उजव्याच्या साधारण ५४ टक्के. उजवीकडे ४८ तर डावीकडे २६, आणि तेही सरासरी.

३५ आणि ७० मधला फरक मला जास्त लागला. ०.३ मिलिमीटर आऊट असलेल्या चाकात शेजारच्या दोन स्पोकमध्ये दुप्पट फरक असू शकतो. एक जास्त ओढतो, शेजारचा कमी, आणि दोघांची बेरीज रिमला सरळ ठेवते. डोळ्याला रिम दिसते, ताण दिसत नाही. मी तीनही वेळा फक्त रिमकडे बघत होतो.

२४ जानेवारी

ताण वाढवायला घेतला आणि तीन निपलचे कोपरे झिजले. माझा पाना गोल, अनेक खाचांचा. मी ३.३० ची खाच वापरत होतो, निपल ३.२३ चे. कमी ताणावर चाललं, ताण चढायला लागला तसा पाना निसटायला लागला. काळ्या खुणेचा ३.२३ चा एकाच मापाचा, निपलला तीन बाजूंनी धरणारा पाना आणला.

झिजलेले निपल काढायला टायर, ट्यूब, रिम टेप सगळं उतरवावं लागलं. शेजारचे स्पोक आधी सैल केले, मग आतून स्क्रूड्रायव्हर निपलच्या खाचेत घालून फिरवला. तीन निपलला पाऊण तास. पाना पहिल्या दिवशीच योग्य असता तर हा वेळ वाचला असता.

२७ जानेवारी

सगळे स्पोक ढिले केले. पूर्ण. दहा किलोमीटरला सुटणारं चाक पुन्हा पुन्हा सरळ करण्यापेक्षा शून्यापासून सुरुवात बरी, हे मान्य करायला मला तीन आठवडे लागले.

आज केलेलं सविस्तर लिहितो, कारण खरं काम हेच होतं.

प्रत्येक निपल अशा जागी आणला की स्पोकचा शेवटचा आटा निपलमध्ये नुकताच दिसेनासा होईल. सगळे सारखे. इथे सारखेपणा असला की पुढचं अर्धं काम वाचतं. मग व्हॉल्व्हपासून सुरू करून सर्वांना एकेक फेरा, पुन्हा व्हॉल्व्हपाशी येईपर्यंत. एका फेऱ्यात स्पोक सुमारे ०.४५ मिलिमीटर ओढला जातो, कारण आटे इंचाला ५६ आहेत. थोडा ताण आला की अर्धा-अर्धा फेरा, नंतर पाव.

स्पोक हलके ताठ झाल्यावर वाकांकडे, म्हणजे स्पोक हबपाशी जिथे वळतो तिथे लक्ष दिलं. फ्लँजच्या बाहेरून निघणारे स्पोक हबपाशी कमानीसारखे फुगून रिमकडे जात होते. अंगठ्याने दाबून त्यांना फ्लँजला चिकटवलं आणि सरळ रेषेत आणलं. हे मी पहिल्या वेळी केलंच नव्हतं. फुगीर स्पोक सायकल चालवताना हळूहळू सरळ होतो आणि तेवढा ताण गमावतो. शिवाय वाक फ्लँजला नीट टेकलेला नसेल तर प्रत्येक फेऱ्याला तिथे लवतो, आणि नवे स्पोक काही महिन्यांत वाकापाशीच तुटतात ते त्यामुळे.

मग क्रम बदलला. आधी उडी, मग आऊट. उडी म्हणजे रिम हबपासून कमी-जास्त अंतरावर असणं. उंच भागात डावा-उजवा मिळून जोडीने आवळायचा, खोल भागात जोडीने सोडायचा. उडी काढायला जास्त ताण खर्ची पडतो, म्हणून ती ताण कमी असतानाच काढलेली बरी. सगळीकडे ०.४ च्या आत आली, फक्त व्हॉल्व्हच्या समोर रिमच्या सांध्यावर ०.६ राहिली. तिथले चार स्पोक मी वीस मिनिटं खालीवर केले. शेवटी पट्टी लावून पाहिलं तर सांध्याची धातूच थोडी वर आहे, रिमचा आकार ठीक आहे. ती स्पोकने जाणार नाही. पुढच्या वेळी रिम गुंफण्याआधी सपाट काचेवर ठेवून आणि सांधा बोटाने चाचपून बघणार.

पिळासाठी प्रत्येक बाजूच्या दोन स्पोकना चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावला. निपल फिरवला की झेंडा वळतो. किती वळला ते दिसतं, आणि तेवढं मागे घेता येतं. माझ्या स्पोकवर ताण चढल्यानंतर पाव फेऱ्यासाठी गणित असं बसलं: तीन-अष्टमांश पुढे, एक-अष्टमांश मागे.

प्रत्येक फेरीनंतर समांतर जाणारे दोन-दोन स्पोक मुठीत घेऊन जोरात आवळले, चारही बाजूंनी पूर्ण चाक. वाक जागेवर बसतात, उरलेला पीळ सुटतो. स्टँडवरच टिंग ऐकू आले. ते रस्त्यावर ऐकण्यापेक्षा इथे ऐकलेले चांगले.

पाच तास. मीटरप्रमाणे उजवीकडे ११०.

२८ जानेवारी

शेवटचं एकदा स्पोक मुठीत आवळत होतो आणि चाक वाकलं. दोन भाग डावीकडे, दोन उजवीकडे, खोगिरासारखं. आऊट पाच-सहा मिलिमीटर. काही क्षण मी पाना खाली ठेवून नुसता बसलो.

खोगिराचा आकार म्हणजे ताण रिमच्या सहनशक्तीपलीकडे गेला. पण मीटर तर ११० दाखवत होता. तक्ता पुन्हा वाचला. मीटरचा आकडा थेट किलो नसतो, स्पोकच्या जाडीप्रमाणे तक्त्यात शोधायचा असतो. मी २.० चा रकाना वाचत होतो. मीटर स्पोकला मध्यभागी पकडतो आणि माझा स्पोक तिथे १.८ आहे. बारीक तार सारख्याच ताणावर जास्त लवते, म्हणून मीटरचा आकडा तोच असेल तर बारीक तारेतला ताण जास्त असतो. १२० ची मर्यादा मी केव्हाच ओलांडली होती. २२ तारखेचे आकडेही त्याच रकान्यातले, म्हणजे खरे त्याहून थोडे जास्त. चाक ढिलं होतं हा निष्कर्ष मात्र बदलत नाही.

सगळ्या ३२ निपलना अर्धा फेरा ढील दिली. रिम स्वतःहून बरीचशी सरळ झाली. धातू कायमची वाकली नव्हती, हे नशीब. वाकलेल्या अवस्थेत एकेक स्पोक ओढून सरळ करायला गेलो असतो तर रिम गेली असती. आधी सर्वांना सारखी ढील, मग बघायचं.

योग्य रकाना घेऊन पुन्हा चढवलं. उजवीकडे १०५ ते ११५, डावीकडे ५६ ते ६४. मुठीत आवळलं, आऊट हलला नाही.

३० जानेवारी

डिश राहिली होती, म्हणजे रिम ॲक्सलच्या दोन टोकांच्या बरोबर मध्ये आहे का ते. स्टँडचे दोन काटे मध्य दाखवत होते, पण फ्रेममध्ये चाक डावीकडे दिसत होतं. चाक स्टँडवर उलटं लावलं: फरक ३ मिलिमीटर. उलटल्यावर चूक दुप्पट दिसते, म्हणजे रिम १.५ ने सरकलेली, आणि स्टँडचा स्वतःचा मध्यच चुकीचा. स्टँडवर विश्वास न ठेवता चाक उलटून बघावं.

रिम उजवीकडे न्यायची होती. उजवे आवळले तर मर्यादेवर जातील, म्हणून डावे सगळे पाव-पाव फेरा सोडले, तपासलं, पुन्हा थोडे. डावीकडे आता ५५ ते ६०. उजवीकडचेही थोडे उतरले, १०० ते ११०. चालेल.

३ फेब्रुवारी

४० किलोमीटर. पहिल्या शंभर मीटरमध्ये एकही टिंग नाही. आऊट ०.३, जागा तीच. आल्यावर मीटर लावला तर उजवीकडे सरासरी ९६, आणि काळजी वाटली. मग लक्षात आलं, आधीचे आकडे टायरविना घेतलेले. टायर फुगला की रिम आत दाबली जाते आणि स्पोकचा ताण उतरतो. हवा सोडून मोजलं: १०५. तुलना करायची तर दोन्ही वेळा हवा सारखी ठेवायला हवी. मी यापुढे हवा सोडूनच मोजणार.

१८ फेब्रुवारी

३०० किलोमीटर. चढावर उभं राहून पॅडल मारताना मागून बारीक चरचर यायची. हबचा संशय आला, कोन पुन्हा तपासले, ठीक. जिथे दोन स्पोक एकमेकांना टेकून जातात त्या जागी बारीक चकाकी दिसली. प्रत्येक छेदावर तेलाचा छोटा थेंब देऊन पुसून घेतलं. चरचर गेली.

सगळे ३२ पुन्हा मोजले. उजवीकडे ९९ ते १०८, डावीकडे ५३ ते ५९. एकही निपल सुटलेला नाही, पाना लावावा लागला नाही. सांध्यावरची ०.६ आहे तशीच आहे, ब्रेक दाबला की हाताला हलकी जाणवते.

पुढच्या चाकाची रिम कालच घरी आली. तिचा व्यास चार जागी मोजून कागदावर लिहिला आहे. स्पोक अजून मागवलेले नाहीत.